विमानतळाचें कुंपण आणि शेजारचें शेत

शेतकऱ्यांच्या तंट्यांत बांधाचा तंटा सर्वांत जुना. बांध कोणी कोरला, बांधावरची बाभूळ कोणाची, तिची सांवली कोणाच्या पिकावर पडते, या प्रश्नांवर आपल्या जिल्ह्यांत कित्येक घराण्यांनीं दोन-दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत. परंतु शेजारी शेतकरी असला म्हणजे त्याचें म्हणणें निदान आपणांस समजतें. होटगी रस्त्याच्या बाजूच्या शेतकऱ्यांस अलीकडे ज्या शेजाऱ्याशीं गांठ पडली आहे, त्याची भाषा निराळी आहे. तो झाडाची उंची मोजतो, शेतांत पांखरें किती उतरतात तें पाहतो, आणि आपल्या कुंपणालगत कांहींच असूं नये असें म्हणतो. हा शेजारी म्हणजे सोलापूरचा विमानतळ होय.

या विमानतळाच्या सुधारलेल्या वास्तूचें उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजीं झालें. ९ जून २०२५ पासून गोव्यास व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरापासून मुंबईस प्रवासी विमानें जाऊं लागलीं. तत्पूर्वींच्या एका प्रसंगाची आठवण आपल्या सभासदांस करून देण्याची फारशी गरज नाहीं. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिति प्रकल्पाची सुमारें ९० मीटर उंचीची चिमणी विमानांच्या मार्गांत येते, यावरून वर्षानुवर्षें वाद चालला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. आणि अखेर १५ जून २०२३ रोजीं ती चिमणी सुरुंग लावून पाडण्यांत आली. त्या वादांत कोणाचें चुकलें हा या लेखाचा विषय नव्हे. ऊंस उत्पादकांचें म्हणणें एक होतें, विमानसेवा मागणाऱ्या नागरिकांचें दुसरें होतें, आणि दोन्हीं बाजूंस आपलेच लोक होते. आम्हांस त्यांतून एवढाच धडा घ्यावयाचा आहे कीं, उंचीचा हिशेब पाया खणण्यापूर्वीं केला तर कागद व मोजपट्टी एवढाच खर्च येतो. उभारणीनंतर केला तर त्यास सुरुंग लागतो. जें चिमणीस लागू, तेंच नारळीस, निलगिरीस व बांधावरच्या बाभळीसही लागू आहे.

कुंपणालगत झाडें लावावीं असें सांगणारे नियम एका बाजूस आहेत, आणि कुंपणालगत झाड नसावें असें सांगणारे दुसऱ्या बाजूस आहेत. या दोहोंचा मेळ शेतकऱ्यानें आपल्या शेतांत कसा घालावा, हें प्रस्तुत पाठांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

१. कुंपण काय मागतें

शेताचें कुंपण गुरें अडविण्यापुरतें असतें. विमानतळाच्या कुंपणाचें काम त्याहून अवघड आहे. आपला देश १९४४ सालच्या शिकागो करारांत सामील आहे. त्या कराराच्या चौदाव्या परिशिष्टांत विमानतळांच्या रचनेचे नियम दिले आहेत. त्यांचा आशय असा कीं, विमानांस धोका होईल एवढें मोठें जनावर आंत येऊं नये, आणि अनधिकृत माणूस चुकून अथवा हेतुपूर्वक आंत शिरूं नये, यासाठीं कुंपण किंवा दुसरा योग्य अडथळा असावा. जेथें अधिक बंदोबस्त हवा, तेथें कुंपणाच्या दोन्हीं बाजूंस मोकळी पट्टी राखावी, म्हणजे पहारेकऱ्यास फिरतां येतें आणि चढून येणाऱ्यास आडोसा मिळत नाहीं. आपल्या देशांत अशा भिंती साधारणतः आठ फूट उंचीच्या व वर दीड फूट काटेरी तार लावलेल्या असतात. मोकळी पट्टी किती रुंद असावी याविषयीं अमेरिकेंतील मार्गदर्शनांत १० ते ३० फूट असें सुचविलें आहे. या पट्टींत चढण्यास उपयोगी पडेल असें झाड, खांब अथवा रचलेलें सामान नसावें, असा त्याचा अर्थ आहे.

हे नियम केवळ कागदावरचे नव्हेत. २ जानेवारी २०१६ रोजीं पठाणकोट येथील वायुदलाच्या तळावर हल्ला झाला. हल्लेखोर भिंतीलगतच्या निलगिरीच्या झाडाचा व दोराचा आधार घेऊन आंत उतरले, असें वृत्त त्या वेळीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. ६ नोव्हेंबर २०१४ रोजीं सुरत येथें उड्डाणासाठीं धांवत असलेल्या विमानास म्हैस आडवी आली. ४ डिसेंबर २०१५ रोजीं जबलपूर येथें मुंबईहून आलेलें विमान उतरतांना रानडुकरांच्या कळपावर आदळलें व धांवपट्टी सोडून बाजूस गेलें. म्हैस ही कोणा तरी शेजाऱ्याचीच असते, आणि रानडुकरांस दिवसा लपावयास कोठलें तरी झुडूप अथवा ऊंस लागतोच. म्हणजे कुंपणाच्या आंतील सुरक्षितता पुष्कळ अंशीं कुंपणाबाहेरच्या जमिनीवर अवलंबून असते. आठ फुटांच्या भिंतीशेजारीं वीस फुटांचें झाड उभें असेल, तर त्या जागीं भिंत नाहींच असें समजावें.

२. झाडांचे नियम काय मागतात

आतां दुसरी बाजू पाहूं. महाराष्ट्रांत झाडें तोडण्याच्या नियमनाचा कायदा १९६४ सालचा आहे. आंबा, चिंच, जांभूळ अशीं त्याच्या अनुसूचींतील झाडें स्वतःच्या शेतांत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. शहरांच्या हद्दींतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे. २०२१ सालीं त्यांत सुधारणा होऊन पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसावृक्षाचा मान मिळाला. इमारतींच्या नियमांतही मोकळ्या जागेंत झाडें लावण्याची अट असते. सोलापूरसारख्या जागीं, जेथें उन्हाळ्यांत पारा ४३ अंशांपलीकडे जातो आणि पाऊस भरंवशाचा नाहीं, तेथें झाडाची सांवली ही चैन नव्हे. झाडें लावा म्हणणाऱ्याचा हेतु चांगलाच आहे.

अडचण येते ती दोन्हीं हेतु एकाच बांधावर आले म्हणजे. एक अधिकारी येऊन वृक्षारोपणाचीं रोपें देतो. तीं शेतकरी सोयीची जागा म्हणून भिंतीलगत लावतो. सहा वर्षांनीं दुसरा अधिकारी येऊन तीं तोडावयास सांगतो. आणि तोडलीं तर तिसरा अधिकारी विनापरवाना तोड केली म्हणून जाब विचारतो. यावर आमचा सल्ला असा आहे कीं, कुंपणाशेजारीं तोंडी सांगण्यावरून झाड लावूं नये आणि तोंडी सांगण्यावरून तोडूंही नये. तोडण्यास सांगितल्यास गट नंबर, झाडाची जात, संख्या व कारण लिहिलेला लेखी हुकूम मागावा. तो जोडून वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. आणि परवानगी हातीं आल्यावरच कुऱ्हाड उचलावी.

३. उंचीचें गणित

विमानतळाचे लोक झाडाची उंची कशी तोलतात, हें समजून घेतल्यास पुष्कळशी भीति नाहींशी होते. हें गणित विहिरीच्या मोटेच्या धांवेहून कठीण नाहीं.

धांवपट्टीच्या दोन्हीं बाजूंस एक सपाट राखलेला पट्टा असतो. मोठ्या वर्गाच्या, उपकरणांच्या साहाय्यानें विमानें उतरविणाऱ्या धांवपट्टीस हा पट्टा मध्यरेषेपासून दोहों बाजूंस १४० मीटरपर्यंत धरतात. त्याच्या कडेपासून बाहेर एक काल्पनिक उतार वर चढत जातो. बाजूस या उताराचें प्रमाण सातास एक असतें. म्हणजे कडेपासून ७ मीटर दूर गेलें कीं १ मीटर उंचीची मोकळीक मिळते. धांवपट्टीच्या टोकांस मात्र उतार फार मंद आहे. तेथें टोकापुढील ६० मीटर सोडून पुढें ५० मीटरांस १ मीटर एवढीच उंची मिळते. याशिवाय भोंवतालीं सुमारें ४ किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर, एक न दिसणारें छत आहे असें मानतात. धांवपट्टीच्या वर्गाप्रमाणें हे आंकडे बदलतात. आम्ही येथें मोठ्या वर्गाचे, म्हणजे कडक आंकडे घेतले आहेत. कडक मापानें जें बसेल, तें सैल मापानें बसेलच.

आतां उदाहरणें घेऊं. एकाचें शेत धांवपट्टीच्या बाजूस असून पट्ट्याच्या कडेपासून त्याचा बांध ७० मीटरांवर आहे. सत्तरास सातानें भागिलें असतां १० आले. तेवढे मीटर उंचीपर्यंतचें झाड त्या बांधावर चालेल. पूर्ण वाढलेली नारळ २० मीटर धरली, तर ती कडेपासून १४० मीटरांच्या आंत नको. दुसऱ्याचें शेत धांवपट्टीच्या टोकासमोर आहे. उतार जेथून चढूं लागतो, त्या जागेपासून तें ५०० मीटरांवर असलें तरी त्यास मिळणारी उंची १० मीटरच. ३० मीटर वाढणारी निलगिरी लावावयाची तर त्याच जागेपासून दीड किलोमीटर दूर जावें लागेल. यावरून टोकासमोरचा शेतकरी व बाजूचा शेतकरी यांस एकच नियम लावणें कसें चुकीचें आहे, हें ध्यानांत येईल. आणि ४५ मीटरांच्या छताखालीं ९० मीटरांची चिमणी बरोबर दुप्पट भरते, हेंही दिसून येईल.

या गणितांत शेतकरी तीन जागीं फसतो. पहिली जागा ही कीं, उंची आपल्या शेताच्या जमिनीपासून मोजत नाहींत, धांवपट्टीच्या पातळीवरून मोजतात. शेत टेकाडावर असून धांवपट्टीपेक्षां ४ मीटर उंच असेल, तर दहा मीटरांच्या मोकळिकींतून चार वजा होऊन सहाच उरतात. दुसरी जागा ही कीं, रोप लावतांना तें हातभर असतें, परंतु हिशेब त्याच्या पूर्ण वाढीचा धरावा लागतो. तिसरी ही कीं, झाडाविषयीं जपणारा शेतकरी मनोऱ्याविषयीं गाफील राहतो. दूरध्वनीच्या मनोऱ्यास जमीन भाड्यानें देणें, उंच पाण्याची टाकी बांधणें, वीटभट्टीचें धुराडें उभारणें, या सर्वांस उंचीचे नियम लागतात.

या बाबतींतला मूळ कायदा १९३४ सालचा होता. त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ यानें घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला आहे. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून २० किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रांत बांधकाम व वृक्षलागवड यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारास आहे. आणि अशा हुकुमामुळें कोणाचें नुकसान झाल्यास भरपाईची तरतूदही कायद्यानेंच केलेली आहे. उंचीच्या निर्बंधांचे सविस्तर नियम २०१५ सालीं प्रसिद्ध झाले, व त्यांप्रमाणें ना हरकत दाखला भारतीय विमानतळ प्राधिकरण देतें. पहिली तरतूद सर्वांस ठाऊक असते. भरपाईची तरतूद मात्र ज्यास तिची गरज त्यालाच बहुधा ठाऊक नसते.

४. पांखरांचा प्रश्न

उंचीच्या खालोखाल विमानास भय आहे तें पांखरांचें. आपल्या देशांत विमानांवर आदळणाऱ्या पांखरांत घार व टिटवी यांचीं नांवें वारंवार येतात. शेतकऱ्यास हीं पांखरें कशामागें येतात हें विमानतळाच्या अधिकाऱ्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. नांगर चालूं लागला कीं गायबगळे मागून येतात. हिंवाळ्यांत ज्वारी दाण्यावर आली कीं भोरड्यांचे थवे उतरतात. ऊंसाचें पाचट पेटलें कीं पळणारे उंदीर व किडे टिपावयास घारी घिरट्या घालूं लागतात, आणि धुरानें वैमानिकाची दृष्टीही अडते. मेलेलें जनावर उघड्यावर टाकलें तर सारें आकाश घारींनीं भरतें. विमानतळापासून १० किलोमीटरांच्या आंत जनावरें कापणें, सोलणें व घाण-कचरा टाकणें यांवरील निर्बंध १९३७ सालच्या विमान नियमांपासून चालत आला आहे. तो आपण आपल्या हितासाठींच पाळावा.

अमेरिकेंत पांखरांस ओढणाऱ्या गोष्टी मोठ्या विमानतळापासून १०,००० फूट दूर असाव्या असा सल्ला देतात. तो आकडा येथें जसाच्या तसा लावला, तर भोंवतालच्या कित्येक गांवांची शेतीच बंद पडेल. आपल्याकडे शेत उठविणें हा उपाय नव्हे; पीक व वेळ यांची निवड हा उपाय आहे. पाचट जाळण्याऐवजीं सरींत कुजवावें. त्यानें जमिनीचाही फायदा होतो. नांगरटीची वेळ विमानांच्या वेळेबाहेर धरावी. आज सोलापुरांत दिवसाकाठीं विमानें थोडीं असल्यामुळें हें सहज साधतें. शेततळें खणावयाचें तर कुंपणापासून दूरच्या कोपऱ्यांत खणावें व त्यावर जाळी ताणावी.

या बाबतींत विमानतळासही आमचें सांगणें आहे. अवर्षणाच्या मुलुखांत उन्हाळ्यांत पाणी पाजून राखलेली कोंवळी हिरवळ म्हणजे टिटव्यांस व बगळ्यांस आमंत्रणच होय. इंग्लंडांतील विमानतळांवर गवत १५ ते २० सेंटिमीटर उंच राखण्याची पद्धत आहे, कारण तेवढ्या गवतांत पांखरांस एकमेकांस व शत्रूस पाहतां येत नाहीं, म्हणून थवे बसावयास कचरतात. आपल्याकडे मारवेल व पवना हीं गवतें पाण्यावांचून तगतात. तीं बीं धरण्यापूर्वीं कापून शेजारच्या जनावरांस दिलीं, तर शोभा, सुरक्षितता व वैरण या तिन्हींची सोय होईल.

५. मोकळी पट्टी म्हणजे पडीक पट्टी नव्हे

आतां या पाठाचा मुख्य मुद्दा सांगतों. कुंपणालगत मोकळी पट्टी हवी असें म्हटलें कीं अधिकारी व शेतकरी दोघेही ती जमीन पडीक टाकण्याचा अर्थ घेतात. येथेंच दोघांचें नुकसान होतें. समजा, एकाचा बांध विमानतळाच्या भिंतीस ३०० मीटर लागून आहे. तीस फूट, म्हणजे ९ मीटर पट्टी सोडली तर २,७०० चौरस मीटर, अर्थात् सुमारें २७ गुंठे जमीन गेली. पाऊण एकराच्या जवळपास जाणारी ही जमीन लहान खातेदारास जड आहे.

बरें, ती पडीक टाकून सुरक्षितता तरी साधते काय? सोलापूरच्या काळ्या जमिनींत पडीक पट्टी मोकळी राहत नाहीं. दोन पावसाळ्यांत तेथें वेडी बाभूळ उभी राहते, तिच्या बुडाशीं कोल्हीं, कुत्रीं व रानडुकरें घर करतात, आणि माणसासही तेथें दिवसभर लपून बसतां येतें. जी पट्टी आडोसा नको म्हणून सोडली, तीच गांवांतला सर्वांत दाट आडोसा होऊन बसते. उलट ज्या पट्टींत कांद्याचे वाफे आहेत, तेथें गुडघ्याएवढीही आड नाहीं, शेतकरी दिवसांतून दोनदां फेरी मारतो, आणि परका पाय उमटला तर त्यास प्रथम कळतें. बुटक्या पिकाची कसलेली पट्टी ही हिरवीही असते व मोकळीही असते. झाडांचे नियम व पहाऱ्याचे नियम यांचा मेळ बसावयाचा तर तो येथेंच बसतो.

यासाठीं आम्ही पुढील पट्टेवार योजना सुचवितों. यांतील अंतरें हुकमाचीं नसून आमच्या सूचनेचीं आहेत. त्यांवर उंचीचें गणित कायम आहेच.

पहिला पट्टा, भिंतीपासून ९ मीटर. येथें कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर अशीं बुटकीं पिकें घ्यावीं. भुईमूग टाळावा, त्याच्या शेंगांसाठीं डुकरें भिंतीखालून उकरतात. कडब्याची गंज, दगडांचा ढीग, शेणाचा उकिरडा, पंपाची खोली अथवा उभी गाडी भिंतीजवळ ठेवूं नये. दोडका, कारलें वा गुळवेल तारेवर चढूं देऊं नये. वेलानें झांकलेली तार कापलेली आहे कीं नाहीं तें दिसत नाहीं.

दुसरा पट्टा, ९ पासून ३० मीटरपर्यंत. येथें हरभरा, सोयाबीन व करडई चालतील. ज्वारीच्या शेताच्या कडेस काटेरी करडईच्या ओळी पेरून गुरें रोखण्याची रीत आपल्या वाडवडिलांनीं घालून दिलीच आहे. तीच येथें उपयोगी पडते. हद्दीस जिवंत कुंपण हवें असेल तर तें या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेस लावावें: तरवड, कोरफड किंवा घायपात. तरवडीस पाणी लागत नाहीं, शेळी तोंड लावीत नाहीं, पिवळ्या फुलांनीं शोभा येते, आणि छाटून तीन फुटांवर ठेवतां येते. सागरगोटा व चिल्हार हीं शेताच्या कुंपणास नामी असलीं तरी येथें नकोत. तीं फैलावतात व त्यांच्या आंत काय आहे तें दिसत नाहीं.

तिसरा पट्टा, ३० पासून १०० मीटरपर्यंत. येथें दाण्याच्या ज्वारीऐवजीं कडवळ करून दाणा भरण्यापूर्वीं कापावें. डाळिंब घ्यावयाचें तर जाळीखालीं घ्यावें व झाडांच्या ओळी भिंतीस काटकोनांत ठेवाव्या, म्हणजे पहारेकऱ्याची नजर ओळींमधून आरपार जाते. तुरीस येथें जागा आहे.

त्यापलीकडे ऊंस, दाण्याची ज्वारी व झाडें. झाडाच्या खालच्या फांद्या सात-आठ फुटांपर्यंत छाटून बुंधा मोकळा ठेवावा. वड, पिंपळ व उंबर हीं फळांनीं पांखरें ओढणारीं झाडें धांवपट्टीच्या टोकांसमोर नवीन लावूं नयेत. जुनीं असतील तर त्यांविषयीं घाई न करितां वर सांगितल्याप्रमाणें लेखी मार्गानेंच जावें.

६. पाण्याची वाट

कुंपणाविषयीं शेतकऱ्याची खरी तक्रार पुष्कळदां झाडाची नसून पाण्याची असते. भिंत ओढ्या-ओघळींस आडवी जाते. पाणी जावें म्हणून खालीं मोरी ठेवतात, आणि मोरींतून माणूस वा कुत्रें शिरूं नये म्हणून तीस लोखंडी गज बसवितात. दोन्हीं गोष्टी योग्य आहेत. परंतु पहिल्या जोराच्या पावसांत गजांस काडीकचरा अडकून मोरी बंद होते, आणि वरच्या अंगाच्या शेतांत पाणी तुंबून उभें पीक पिवळें पडतें. पुढें तेंच पाणी भिंतीचा पाया धुतें. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. त्यांत पाणी मुरलें कीं भिंत कलते व तिच्याखालीं फट पडते. म्हणजे जें पाणी शेतकऱ्याचें पीक नेतें, तेंच विमानतळाच्या बंदोबस्तास भोंक पाडतें.

उपाय साधा आहे. मोरीपासून दहा-बारा पावलें वरच्या अंगास रुंद फटींची एक जाळी बसवावी. मोठा कचरा तेथेंच अडतो व तेथून काढावयास सोपा जातो. दरवर्षीं मे महिन्यांत, मृग निघण्यापूर्वीं, विमानतळाचा माणूस व शेजारचे खातेदार यांनीं मिळून कुंपणाची एक फेरी करावी. कोठें मोरी तुंबली, कोठें फट पडली, कोठें वेडी बाभूळ उगवली, हें एका कागदावर लिहावें व दोघांनीं सह्या कराव्या. अशा कागदास न्यायालयांत किंमत असते. पण तो असला म्हणजे बहुधा न्यायालयांत जाण्याची वेळच येत नाहीं.

७. दोन्हीं बाजूंचें कर्तव्य

शेतकऱ्यानें आपला बांध नियमानें राखावा हें जसें योग्य, तसें विमानतळानेंही नियम अगोदर सांगावे हें योग्य. कोणत्या गटास किती उंचीची मोकळीक आहे, याचा तक्ता मराठींत लिहून ग्रामपंचायतीच्या चावडीवर लावणें हें अवघड काम नाहीं. भिंतीबाहेरची पट्टी शेतकऱ्याच्या मालकीची असेल, तर तेथें बुटकीं पिकें घेण्याबद्दल त्यास होणारी तूट रीतसर करारानें भरून द्यावी. पहाऱ्यासाठीं माणसें नेमण्यापेक्षां तें स्वस्त पडेल. आणि वृक्षारोपणाचीं रोपें वांटणाऱ्यांनीं तीं भिंतीजवळच्या गटांत देण्यापूर्वीं विमानतळास एकदां विचारावें. तेवढ्या एका प्रश्नानें पुढची कुऱ्हाड वांचते.

सभासदांनीं या हंगामापूर्वीं तीन कामें करावीं. आपल्या गटाचें धांवपट्टीच्या कडेपासूनचें व टोकापासूनचें अंतर मोजणीच्या नकाशावरून काढून सात-बाराच्या उताऱ्यासोबत ठेवावें. कुंपणालगत आज जीं झाडें उभीं आहेत, त्यांची जात, वय व उंची यांची यादी करावी. आणि नवीन झाड, टाकी वा मनोरा यांचा विचार मनांत आल्यास खड्डा खणण्यापूर्वीं लेखी चौकशी करावी. ज्यांस उंचीच्या हिशेबांत अडचण वाटेल, त्यांनीं गट नंबर, बांधाची दिशा व अंतर कळविल्यास आम्ही तो हिशेब करून देऊं.

असो. विमानतळ आतां येथून उठून जाणार नाहीं, आणि आपणही जमीन सोडून जाणार नाहीं. दोघांस एकाच भिंतीच्या दोहों अंगांस नांदावयाचें आहे. चिमणीच्या प्रकरणांत जो वेळ, पैसा व मनस्ताप गेला तो परत येणार नाहीं. परंतु बांधावरच्या झाडाच्या बाबतींत तसें होऊं न देणें अद्याप आपल्या हातीं आहे, आणि त्यासाठीं लागतें तें एवढेंच, कीं रोप लावण्यापूर्वीं मोजपट्टी हातीं घ्यावी.